निळ्या फेजचा सांधा

"पॅनल म्हंत्यात ह्याला. खिडकीचं गज बरं. उभं सरळ, आडवं सरळ. हाताला कायी कामच ठेवलं न्हाय."

तात्या स्वतःशीच बोलत होते, त्यामुळे उत्तर देणं बरं दिसलं नसतं. पॅनलच्या मागच्या उघड्या दारात उकिडवी बसून माधवी पट्ट्यांवरची धूळ फडक्याने पुसत होती. तिच्या आणि सासऱ्यांच्या मध्ये दीड हाताचं अंतर आणि तांब्याच्या चार पट्ट्या. ती मागे आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिने श्वास हळू केला आणि पुसत राहिली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की सुनेला एवढं जमतं.

बारामतीच्या एमआयडीसीतली ही शेड रामहरी तात्यांनी उभी केली तेव्हा माधवी शाळेत होती. आधी विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर, मग छोटी पॅनलं, मग मोठी. सगळी केबलची. तात्यांचं पॅनल उघडलं की आत केबली अशा दिसायच्या, जणू कुणी सकाळी निवांत बसून तेल लावून वेण्या घातल्यात. गिऱ्हाईक पाहुण्यांना दार उघडून दाखवायचं. माधवी लग्न होऊन आली ती बारावी आर्ट्स. जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये यायची आणि डबा रिकामा होईपर्यंत केबल सोलत बसायची. डब्याचं निमित्त कधी संपलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. इंग्रजी कॅटलॉग तिने डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचले, न कळलेलं वहीत उतरवलं, कळलेलं तात्यांना विचारून पडताळलं. आता शेडचं डिझाइन तिचं होतं. नवरा इंद्रजित खरेदी, गिऱ्हाईक आणि गाडी सांभाळायचा, आणि सांगवीहून येणारी रेश्मा, आयटीआय झालेली, जोडणीचं सगळं काम करायची.

पट्ट्यांचा हट्ट माधवीचा. इंग्रजीत बसबार म्हणतात, शेडमध्ये नुसती पट्टी. लासुर्ण्याच्या दूध शीतकरण केंद्राचं हे पॅनल सहाशे अँपिअरचं. केबलीत करायचं तर एकेका फेजला दोन-दोन, मनगटाएवढ्या जाड. त्यांना वळायला जागा हवी. शिवाय प्रत्येक कॉम्प्रेसरला मेनपासून वेगळी केबल, प्रत्येक केबलला दोन टोकं, प्रत्येक टोकाला बोल्टात अडकवायचं थिंबल. सगळ्या एकीला एक चिकटून बसल्या की एकमेकींना तापवणार, वऱ्हाडाच्या टेम्पोत मागे कोंबलेल्या बायकांसारख्या. पट्टीचं तसं नाही. मेनपासून एक पट्टी सरळ निघते, ज्याला जेवढं हवं त्याने तिच्यावरून घ्यावं. उद्या आणखी एक कॉम्प्रेसर आला तर त्यालाही जागा.

पट्टी हट्टी असते, हेही माधवीने पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं होतं. केबल दोन बोटं कमी पडली तरी ओढूनताणून पोचते. पट्टीचं भोक दोन मिलिमीटर सरकलं की बोल्ट आत जात नाही, मग तुम्ही कुणीही असा. चुकीच्या कापलेल्या पहिल्या दोन पट्ट्या शेडच्या खिडकीत ठेवल्या होत्या. तात्या त्यांच्याकडे रोज सकाळी एकदा बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं, असं माधवीला वाटे.

आणि या पॅनलवर आणखी एक गोष्ट अडकलेली होती. इंदापूरला डाळिंबाचं मोठं कोल्ड स्टोरेज होत होतं, सोळाशे अँपिअरचं. एवढं पॅनल केबलीत बसवायचं म्हणजे खोलीच पॅनलला द्यावी लागेल. ते लोक म्हणाले होते, आधी लासुर्ण्याचं चालू द्या, तिथल्या कुंडलिकरावांना विचारतो, मग बघू. म्हणजे लासुर्णं नीट चाललं तर शेड पुढे जाणार, नाही तर पुन्हा वेण्या.

* * *

शेडची एक रीत होती. शेवटचा सांधा तात्यांचा. पॅनल पुरं झालं की शेवटचे बोल्ट ते स्वतःच्या जुन्या पान्याने आवळायचे, पाना कपाळाला लावायचे आणि मगच दारं बंद व्हायची. तात्या आता चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि ही रीत कुणीही मोडली नव्हती.

फक्त तीन वर्षांपूर्वी एकदा रेश्माने तात्यांनी आवळलेला बोल्ट सहज चिमटीत धरला आणि तो फिरला. पाना न लावता, नुसता चिमटीत. तिने आजूबाजूला बघितलं, आवळून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी खाताना माधवीला म्हणाली, "वैनी, तात्यांचा कालचा बोल्ट मी परत बघितला." माधवी म्हणाली, "बरं केलंस." एवढंच बोलणं झालं. तेव्हापासून तात्या अकराला समोरच्या टपरीवर चहाला गेले की रेश्मा माधवीने आणलेला टॉर्क पाना घ्यायची. हा पाना ठरलेला जोर लागला की कट् असा आवाज करतो आणि सांगतो, बास. तात्या त्याला घड्याळी पाना म्हणायचे आणि हात लावत नसत. जोर हाताला कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. रेश्मा त्यांचा सांधा कट् होईपर्यंत आवळायची. त्या वेळी इंद्रजितला नेमका बाहेर जाऊन फोन करायचा असे. अख्खी शेड दर पॅनलला खोटं बोलायची आणि कुणाच्याच तोंडातून शब्द निघायचा नाही.

लासुर्ण्याला ही सोय नव्हती.

पॅनल दोन भागांत नेलं होतं. ते केंद्रात उभं केल्यावर दोन्ही भागांच्या पट्ट्या तिथेच जोडायच्या होत्या. एकेका फेजला चार-चार बोल्ट. लाल आणि पिवळा फेज रेश्माने जोडला. निळा तात्यांनी. चार बोल्ट आवळले, पाना कपाळाला लावला. माधवी आणि रेश्मा दोघी चहाची वाट बघू लागल्या.

चहा आला. पण तो घेऊन कुंडलिकराव स्वतः आले, आणि काखेत खुर्चीही. कुंडलिकराव हे केंद्राचे व्यवस्थापक. त्यांचं जुनं पॅनल तात्यांनीच चौदा वर्षांपूर्वी केलेलं. त्यांनी खुर्ची पॅनलला टेकून ठेवली.

"बसा तात्या. तुमी हाय म्हणून आमाला घोर न्हाय."

"बसतो की. आज मी हितनं हालत न्हाय," तात्या म्हणाले. "ह्या पट्ट्यांचा मला भरवसा न्हाय."

रेश्मा टॉर्क पाना पाठीमागे धरून उभी राहिली, वर्गात मोबाइल लपवावा तशी. माधवीने एक प्रयत्न केला.

"तात्या, बाहेर ऊस काय सुरेख आलाय. बघून येता?"

"ऊसच बघत आलोय जल्मभर. तू बघून ये."

इंद्रजितने दुसरा केला. जुनं पॅनल मागच्या खोलीत ठेवलंय, बघायचं का म्हणाला. तात्या म्हणाले, मीच केलंय ते, त्यात काय बघायचं. तेवढ्यात कुंडलिकरावांनी घड्याळ दाखवलं, सकाळचं दूध टाकीत थांबलेलं होतं. झाकणं लावली, मेन चढवला, कॉम्प्रेसर एकामागून एक घुमायला लागले. माधवीने मनाशी म्हटलं, निळा घट्ट असेलही. कधीकधी तात्यांचा हात चांगला असतो. असं म्हणताना आपण फसवतोय ते आपल्यालाच, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. तरी ती गाडीत बसली.

* * *

तीन वाजता कुंडलिकरावांचा फोन आला.

"ताई, पॅनलमधनं वास येतुया. रबर जळल्यावानी. मी दोन कॉम्प्रेसर बंद केल्यात. पण साडेपाचला अकरा गावचं दूध येतंय बघा."

तात्या शेडच्या बाकावर दुपारची डुलकी काढून नुकतेच उठले होते. त्यांना सांगावं लागलं नाही. फोनवरच्या माणसाचा आवाज शेडभर ऐकू येत होता.

"म्हणलं हुतं मी," ते म्हणाले. यात आनंद नव्हता, हे माधवीने ऐकलं. त्यांनी कोपऱ्यातल्या केबलचे तीन तुकडे इंद्रजितला गाडीत टाकायला लावले आणि कुणी विचारायच्या आत स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसले.

मागे माधवी आणि रेश्मा, पायाखाली केबल. पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून दोघी गुडघे छातीशी घेऊन बसल्या. भवानीनगरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. गाडी तिच्या मागून गोगलगाईसारखी चालली.

"मी काय म्हणतो," इंद्रजित आरशातून माधवीकडे बघत म्हणाला. "सांध्यातल्या पट्ट्या काढून तेवढ्यापुरत्या केबली टाकू. विषय संपला."

"टाकायच्याच," तात्या म्हणाले. "पट्टी नडली, दुसरं काय."

आरशात नवऱ्याचे डोळे दिसत होते. ते डोळे सांधा कशाने तापला असेल हे विचारत नव्हते. त्यांना ठाऊक होतं. ते नुसती विनवणी करत होते: पट्टीवर जाऊ दे, तिला काय वाटणार आहे.

आणि खरंच, किती सोपं होतं. पट्टी बिचारी बोलत नाही. केबल टाकली की तात्यांचा शब्द खरा होणार, इंद्रजितची सुटका होणार, कुंडलिकराव इंदापूरकरांना सांगणार की पट्टीचं काही खरं नाही. तीन वर्षांचा अभ्यास खिडकीतल्या त्या दोन चुकीच्या पट्ट्यांशेजारी जाऊन बसणार. माधवीला एवढ्यावरही एक वेळ गप्प बसता आलं असतं. पण केबलीलाही बोल्ट असतात, आणि शेवटचा बोल्ट तिथेही तात्याच आवळणार होते. आज नुसता वास आला होता. उद्या कुणीतरी त्या दारासमोर उभं असलं तर.

* * *

कोरोनात कपाळाला लावायचे तसली, पण जास्त तापाची एक टेम्परेचर गन माधवीच्या पिशवीत असे. तिने झाकणाच्या जाळीतून ती सांध्यांवर रोखली. लाल चौपन्न. पिवळा छप्पन्न. निळा एकशे एकवीस.

"मेन पाडा," ती म्हणाली.

कुंडलिकरावांनी मेन पाडला. तिने त्याला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, टेस्टरने तिन्ही फेज मेलेत याची खात्री केली आणि थोडं निवू दिलं. मग झाकण काढलं. निळ्या सांध्यावरची रबरी स्लीव्ह कडेने तपकिरी झाली होती, करपलेल्या भाकरीच्या कडेसारखी. तात्या केबलचा एक तुकडा हातात घेऊन मागे उभे होते.

रेश्माने आधी लाल घेतला. कट्, कट्, कट्, कट्. पाना हललाही नाही, जागच्या जागी बोलला. पिवळा तसाच. मग ती माधवीकडे बघत थांबली.

"आण," माधवी म्हणाली आणि पाना स्वतः घेतला. निळ्याचा पहिला बोल्ट. पाना फिरला, आणखी फिरला, जवळजवळ एक आख्खा वळसा घेऊन मग कट्. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तसेच. तिने पाठ रुंद करून सांधा झाकला होता. पण आवाज कसा झाकणार. लाल-पिवळ्याला झटक्यात आलेला कट् निळ्याला एवढा उशिरा का येतोय, हे पॅनल न केलेल्या माणसालाही कळलं असतं.

ते बोल्ट तिने परत सोडले. पट्टीचे काळवंडलेले भाग दोघींनी पॉलिश पेपरने घासून लख्ख केले, तापलेले स्प्रिंग वॉशर बदलले, नवी स्लीव्ह चढवली आणि सांधा पुन्हा बांधला. या सगळ्याला पाऊण तास लागला.  तेवढ्या वेळात तात्यांनी केबलचा तुकडा केव्हातरी भिंतीला टेकवून ठेवला होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी मेन चढला. एक कॉम्प्रेसर, दोन, तीन, चौथाही. सगळा भार अंगावर घेऊन पॅनल एका सुरात गुणगुणायला लागलं. माधवी गन रोखून उभी. दहा मिनिटांनी लाल बेचाळीस, निळा बेचाळीस. वीस मिनिटांनी सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. साडेपाचला पहिली गाडी आली, कॅन उतरताना खणखणाट झाला, दूध टाकीत पडायला लागलं. सहा वाजता तिन्ही फेज एकावन्न, आणि पाच मिनिटांनी पुन्हा एकावन्न. तिथेच थांबले.

"एकाच मापाच्या तिघी बहिणी," रेश्मा म्हणाली. तिला कुणी हसलं नाही, तर ती स्वतःच हसली, आणि मग सगळेच हसले, विनोदापेक्षा जरा जास्तच. इंद्रजितने भिंतीला टेकून डोळे मिटले. माधवीच्या लक्षात आलं, दुपारपासून आपण पाणी प्यायलेलो नाही. कुंडलिकरावांनी नुसत्या दुधाचा चहा मागवला आणि सगळे टाकीजवळच्या ओट्यावर ओळीने बसले. बाहेर उन्हं कलली होती, टाकीच्या तापमानाचा काटा हळूहळू खाली येत होता. चहा गोडमिट्ट होता, तोही चालला.

* * *

कुंडलिकरावांनी मांडीवर रजिस्टर उघडलं. बंद पडल्याची वेळ, चालू झाल्याची वेळ लिहिली. पुढचा रकाना आला आणि पेन थांबलं.

"ताई, कारण काय लिवू? उद्या इंदापूरचा सायब फोन करणार हाय. त्येलाबी हेच सांगावं लागंल."

 रेश्माने कपात बघितलं.

"सांधा ढिला होता असं लिहा," माधवी म्हणाली. "आमची चूक. पट्टीची नाही."

"आमची म्हंजी?"

"रस्त्याने सुटला असणार," इंद्रजित घाईने म्हणाला. "टेम्पोत हादरे काय कमी बसतात? बोल्ट ढिले होतात प्रवासात. लिहा, प्रवासातील हादरे."

कुंडलिकरावांनी 'प्रवा' एवढं लिहिलं.

"थांबा," तात्या म्हणाले.

ते ओट्याच्या टोकाला बसले होते. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"इंदर, त्यो सांधा कुठं बांधला आपण? शेडात का हितं?"

इंद्रजितने खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

"हितं बांधला. हितं पॅनल हुभं केल्याव. मग टेम्पोत कसा सुटंल त्यो? टेम्पोत सांधाच नव्हता." त्यांचा आवाज चढला नव्हता. चूक काढतानाचा त्यांचा आवाज असा नसे. हिशोब न लागणारा माणूस बोलतो तसा होता. "आन ती कट् कट् मी ऐकली की. कान शाबूत हायती माजं. लाल झटक्यात वाजला, पिवळा झटक्यात वाजला. निळा वाजंना."

कुंडलिकराव एवढे जाणते की त्यांनी पेनाचं टोपण शोधायला सुरुवात केली. टोपण पेनाच्या मागेच होतं.

"लोखंड थरथरतं, तात्या," इंद्रजित म्हणाला. "कॉम्प्रेसरच्या थरथरीने..."

"चार तासात? आन निळाच तेवढा?" तात्यांनी मुलाकडे बघितलं, मग रेश्माकडे. तिने मान वर केली नाही. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि उजवा तळहात उघडून बघितला, जणू त्यात काही ठेवलं होतं आणि ते आता सापडत नव्हतं.

"मादवी, तू सांग. ह्यांच्यातनं कुणी सांगायचं न्हाय मला. मरतील पण सांगायची न्हाईत."

माधवी त्यांच्याकडे वळून बसली. तीन वर्षं ती या वाक्याला भीत आली होती. रात्री अंथरुणात तिने ते किती तऱ्हांनी जुळवून पाहिलं होतं. कुठून सुरू करायचं, कुठे मऊ करायचं. आता त्यातलं काही आठवेना. समोर एक दमलेला, शहाणा माणूस होता. त्याला सगळं कळलेलं होतं आणि ते त्याला एकट्याला धरून ठेवायचं नव्हतं.

"निळा तुम्ही आवळला होतात, तात्या," ती म्हणाली. "तो घट्ट बसला नव्हता."

तात्यांनी मान हलवली. खांदे कितीतरी खाली आले, भरलेला हंडा कुणी डोक्यावरून उतरवून घ्यावा तसे.

"हं. पुढं."

"तुमच्या हातात आता तेवढा जोर राहिला नाही. नजर आहे, कान आहेत, सगळं आहे, जोर नाही. तीन वर्षं झाली, तुम्ही चहाला गेलात की रेश्मा तुमचा सांधा परत आवळते. मला ठाऊक आहे, ह्यांना ठाऊक आहे. आज सकाळी तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत, आणि मला तोंड उघडून सांगायचा धीर झाला नाही."

"ते खोडा, कुंडलिकराव," तात्या रजिस्टरकडे बोट करत म्हणाले, "आन लिवा, सांधा तात्यानं ढिला बांधला, पट्टीचा दोष न्हाय."